न विचारता लावलेलं कुलूप

मी आखातातल्या एका शहरात, मिरकाब भागातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीचा दरवाजा बोलतोय. जिन्याच्या टोकाला उभा असतो. गेल्या आठवड्यापासून मला भीती वाटते आहे.

पूर्वी माझ्याकडे कुणी फिरकत नसे. पलीकडे मोडक्या एसींचा आणि गाद्यांचा ढीग. मी धड उघडतही नव्हतो. मग एका उन्हाळ्यात खाली मीटरच्या खोलीत ठिणग्या उडाल्या. घाबरून वर धावलेली माणसं माझ्यापाशी अडकली. त्यांत चौथ्या मजल्यावरची शरीफा होती, मूळची रत्नागिरीची. कडेवर तिची लेक लुबना.

आग विझली, पण शरीफा गप्प बसली नाही. तिने मल्याळी, मिसरी, बंगाली, झाडून सगळ्या बिऱ्हाडांना जिन्यात बसवलं. पहिल्या मजल्यावरचे कोकणातले गडीही आले. "गच्ची कशी हवी, ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली. कुणी कपड्यांच्या दोऱ्या मागितल्या, कुणी बसायला सावली. मोकळी वाट मात्र सगळ्यांनाच हवी होती. अडगळ मिळून उतरवली. वेल्डर सखारामने माझ्या बिजागऱ्या फिरवून मला बाहेरच्या बाजूला उघडतं केलं आणि कडी काढून टाकली. सावलीत पुदिना रुजला. येता-जाता माणसांचे हात लागायचे, फार बरं वाटायचं.

गेल्या आठवड्यात इमारत नव्या कंपनीकडे गेली. हारिस, म्हणजे राखणदार, साखळी आणि कुलूप घेऊन आला.

"किसको पूछा?" शरीफाने विचारलं.

"ऑर्डर है, मॅडम," म्हणत त्याने मला साखळी घालून कुलूप ठोकलं.

शरीफा आणि सखाराम कंपनीच्या शर्क भागातल्या ऑफिसात जाऊन आले. "बघू," एवढंच उत्तर मिळालं.

काल दुपारी जळक्या वायरचा वास वर आला. मागोमाग लुबना धावत आली. आता शाळेत जाते. माझ्यावर धडका देत ओरडली, "मम्मी, इट्स लॉक्ड!" मी अंग झोकून दिलं. साखळी ताणली गेली, तुटली नाही. खाली सखारामने मेन स्विच पाडला, म्हणून धूर विरला.

संध्याकाळी तो साखळी कापायला ग्राइंडर घेऊन आला. हारिस आडवा आला. "काटा तो तेरा इकामा जाएगा."

इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, गेला की मुलूख सोडावा लागतो. सखारामचा हात थांबला.

"भाऊ, कापा. आम्ही सगळे तुमच्या बाजूने बोलू," शरीफा म्हणाली.

"वहिनी, घरी पाच तोंडं आहेत," तो पुटपुटला आणि खाली उतरला.

आज पुन्हा तोच वास येतोय. कालच्यापेक्षा दाट. जिन्यात पावलं वाजू लागली आहेत. शरीफा, लुबनाला घेऊन खाली पळ. वर येऊ नकोस गं, मला उघडता येत नाही.