पोह्याचं पोतं

बायपासच्या मॉलमधून आमच्या ह्यांनी पोह्याचं अख्खं पोतं उचलून आणलं. का, तर लई स्वस्त! घरात माणसं तीन. सासूबाई भडकल्या, "किडे पडायच्या आत हे खाणार कोण?" मग त्यांनीच दारातून हाळी दिली, "या गं सगळ्या, पोहे खायला!"

सगळी मुकुंदवाडी लोटली म्हणा ना! पातेल्यावर पातेलं उतरत होतं. कांदे संपले, तशी मी कोपऱ्यावरच्या शफीभाईंच्या दुकानात पळाले. मग शेंगदाण्यासाठी पळाले, मग तेलासाठी, मग शेवेसाठी. माझी पळापळ बघून सगळ्यांचं हसून हसून पोट दुखायला लागलं.

शेवटी इकडं पोतं रिकामं झालं, तिकडं शफीभाईंचं दुकान. तेही बशी घेऊन ओट्यावर टेकले, तृप्त ढेकर दिला आणि ह्यांना म्हणाले, "भाई, पुढच्या महिन्यात साबुदाणा उचला. शेंगदाणे मी आजच भरून ठेवतो!"