बिनतारखेच्या रास्पबेऱ्यांचा अंत्यविधी

मिनेसोटातल्या लोकेन गावात आइस्क्रीम संपतं, पण त्याची बादली संपत नाही. ती धुवायची, घरच्या रास्पबेऱ्या भरायच्या आणि चर्चच्या तळघरातल्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवायची. वर ‘व्हॅनिला’ छापलेलं असतं. आत काय नि कधीचं, देव जाणे. फेकायची मात्र सोय नाही, देणारीला वाईट वाटेल! ही माणसं एक वेळ थंडीत गोठतील, पण कुणाला तोंडावर ‘नको’ म्हणायची नाहीत.

त्या तळघरावर एकतीस वर्षं आर्डिस टोर्विकची हुकमत होती. शनिवारचं वार्षिक जेवण म्हणजे तिचा जीव की प्राण. त्याला लागणारा परवाना देणारी, आरोग्य खात्याची ब्रेना हॉव्हडे मंगळवारी आली आणि फ्रीझर उघडून हबकलीच.

“आर्डिसबाई, काटा शून्य फॅरनहाइटवर आहे, छान. पण एकाही बादलीवर तारीख नाही हो!”

“ही हॅरिएटची. तिला जाऊनच नऊ वर्षं झाली. म्हणजे निदान नऊ धर.”

“राग मानू नका हं, पण तारीख नाही तर माल नाही. शुक्रवारी दहाला येते. फ्रीझर रिकामा नसला तर यंदा जेवण नाही.”

आर्डिसनं बादल्या मोजल्या. जेवण चुकलं तर सगळा गाव रस्त्यापलीकडच्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन तळलेल्या माशांवर ताव मारणार. त्यापेक्षा मेलेलं बरं! पण त्रेचाळीस बादल्या कचऱ्यात टाकून उद्या बायकांना तोंड कसं दाखवायचं?

“पाद्रीबुवा, टाकणं म्हणजे अपमान,” वर चर्चमध्ये जाऊन ती पाद्र्याला म्हणाली. “पण पुरलं तर?”

“रास्पबेऱ्यांना?”

“मानानं.”

पाद्रीही तिथलाच, नाही कसं म्हणणार? “एकच स्तोत्र म्हणू,” तो पुटपुटला.

गुरुवारी सकाळी चर्चमागे खड्डा खणून बादल्यांतले त्रेचाळीस लालभडक गोळे पुरले. हॅरिएटचा गोळा खाली जाताना तिचा नवरा हमसून हमसून रडला. खऱ्या वेळी त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

इथवर सगळं यथासांग झालं. पण माती दिल्यावर तळघरात जेवण असतं, आणि जेवणाला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. तासाभरात फ्रीझर पुन्हा गच्च. सेहेचाळीस बादल्या, सगळ्या ‘व्हॅनिला’.

“कधीच्या गं या?” आर्डिसनं एकीला विचारलं.

“अगं, अलीकडच्याच!”

लोकेनमध्ये नदीवरचा पूलही अलीकडेच झालाय, तीस वर्षांपूर्वी. आर्डिस स्टुलावर बसली आणि तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात काळ्या कपड्यांत ब्रेना जिना उतरून आली. “ड्यूटीवर नाहीये मी. आले नसते तर बरं दिसलं नसतं.” तिच्या हातात बादली होती.

आर्डिसनं डोळे पुसले. “तारीख?”

ब्रेनाचा चेहरा पडला. “आजीनं दिली. आजीला कुणी तारीख विचारतं का?”

“मग पुरू या?”

“छे हो! उकळायच्या. खळखळ उकळी फुटली की पुढे पुरतं एक मिनिट. आणि आजच संपवायच्या.”

“हे मंगळवारी का नाही गं सांगितलंस?”

“मंगळवारी त्यात माझ्या आजीची बादली नव्हती.”

सत्तेचाळीस बादल्या उकळल्या. गावानं संध्याकाळपर्यंत वाट्याच्या वाट्या गरम रास्पबेरी ओरपली. तिसऱ्या वाटीनंतर कुणाला नको होती, पण तसं म्हणणार कोण?

शुक्रवारी दहाला फ्रीझर रिकामा होता. ब्रेनानं परवान्यावर सही ठोकली, शिक्का मारला आणि ती निघाली. आर्डिसनं चष्मा लावून कागद वाचला आणि तशीच गाडीमागे धावली. काचेवर थाप मारून तिनं कागद आत सरकवला आणि बहात्तर वर्षांत प्रथमच माणसाच्या तोंडावर म्हणाली, “नको. तारीख घाल आधी.”