शनिवारचं लोखंड

"चिकटला!" मिनल हळूच म्हणाली आणि तिचा चेहरा पडला.

प्लास्टिकच्या तीनचाकीच्या पोटाखाली, पायडलच्या दांड्याला, विठोबा चिकटला होता. देहूहून आणलेलं चुंबक होतं ते. एरवी फ्रीजच्या दारावर कमरेवर हात ठेवून उभं असे. आज मिनलने ते पर्समध्ये टाकून चिखलीच्या सायकलच्या दुकानात आणलं होतं, कारण आज शनिवार होता. आणि शनिवारी तिच्या सासूबाई, शालनबाई, लोखंड विकत घेत नसत. खिळा नाही की सुई नाही. शनिवारचा उपास, मारुतीला तेल, रुईची माळ आणि हा नेम; त्यांच्या सासूने पदरात घातला तसा त्यांनी आजवर जपला होता.

"काकू, नावाला लोखंड हाय हो ह्यात," दुकानदार जयसिंग म्हणाला. "बाकी समदं प्लास्टिक."

"नावाला म्हंजी हायच की रं बाबा." शालनबाईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"आता लोखंडाबिगर सायकल कुठनं आणू? लाकडाचा पांगुळगाडा देऊ का?"

"पांगुळगाडा नको!" तीन वर्षांची निशिगंधा ठसक्यात म्हणाली. "मी काय बाळ आहे?"

सगळे हसले. तिचा बाबा जयदीप मात्र अर्धवटच हसला. चाकणच्या कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी दूर होसूरच्या प्लांटला धाडायचं ठरवलं होतं, आणि गाडी उद्या पहाटेची होती. जाण्याआधी लेकीने मारलेलं पहिलं पायडल डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्याची हौस. शिफ्ट आणि ओव्हरटाइममधून कसाबसा आजचा दिवस मिळाला होता. आईचा नेम मोडायचा नव्हता, म्हणून तर ही प्लास्टिकची शोधाशोध.

"बसून तर बघू दे," तो म्हणाला.

निशी प्लास्टिकच्या गाडीवर बसली. जोर लावून पायडल मारलं, तर पुढचं चाक गुळगुळीत फरशीवर गरगर फिरलं आणि गाडी जागच्या जागी. वर गुडघे हँडलला आपटले. "ही खोटी आहे," तिने निकाल दिला, उतरली आणि थेट कोपऱ्यातल्या लाल तीनचाकीवर जाऊन बसली. जाड रबरी चाकं, मागे छोटी डिकी, हँडलला घंटी. निखळ लोखंड! पाय पायडलवर असे बसले, जणू माप घेऊनच घडवली होती.

"चल!" निशी म्हणाली. गाडी निघाली, पण मागे. तिने आणखी जोर केला, गाडी आणखी मागे. बघता बघता ती चेंडूंच्या जाळीत घुसली आणि दुकानभर चेंडू उड्या मारायला लागले.

"अगं बया, रिव्हर्सच शिकली आधी!" जयसिंग चेंडूंमागे पळत ओरडला. "पार्किंगची काळजी मिटली, भावा!"

निशी घंटी वाजवत खिदळत होती. शालनबाईंना तोंडावर पदर धरावा लागला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

हसू ओसरल्यावर मिनल जवळ आली. "आई, राहू द्या. सोमवारी आपण दोघी येऊन हीच घेऊ. यांना व्हिडिओ पाठवू."

"हो, चालेल की," जयदीप पटकन म्हणाला आणि चेंडू उचलायला वाकला. एकच चेंडू उचलायला त्याला फार वेळ लागला.

शालनबाईंनी लेकाची पाठ पाहिली. थेट बापाची पाठ. असाच एकदा तो बापही वाकून उभा होता, अंगणात, नव्याकोऱ्या काळ्या सायकलीच्या हँडलवर. पिंपरीच्या कंपनीत लागलेले शालनबाईंचे यजमान भैरू पगार झाल्या संध्याकाळी सायकल घेऊन आले, आणि वार होता शनिवार. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. मग लेकाचं तोंड बघून म्हणाल्या, "आणलीस त्ये आणलीस. पर ऐतवारी पुजल्याबिगर उंबऱ्याच्या आत यायची न्हाई." त्या रात्री सायकल दाराबाहेर राहिली. पुढे त्याच सायकलीवर भैरूंची सारी नोकरी झाली, आणि कॅरिअरवर बसून शालनबाईंच्या साऱ्या जत्रा. कधी साधं खरचटलं नाही.

नेम सासूबाईंचा, तशी त्यातून काढलेली वाटही त्यांचीच. नेम तेवढा लक्षात राहिला होता.

शालनबाईंनी दांड्याचं चुंबक काढलं आणि लाल सायकलीच्या हँडलला लावलं. टक्‌ करून बसलं.

"हीच बांध, जयसिंगा."

"आई, आज शनिवार आहे," जयदीप म्हणाला.

"म्हाईत हाय. आज उंबऱ्याच्या आत यायची न्हाई. उद्या पुजंन मी. आनि इटोबाच जाऊन बसलाय तिच्यावर, त्येला उठवू व्हय?"

"पण मग निशी चालवणार कुठे?"

"गल्लीत! गल्ली काय उंबऱ्याच्या आत हाय?"

संध्याकाळी गल्लीत जत्रा भरली. निशी आधी मागेच गेली, भाजीच्या हातगाडीपर्यंत. मग जयदीप तिच्यासमोर उभा राहिला, हात पसरून उलटा उलटा चालायला लागला. "ये, मला धर!" त्याला धरायच्या नादात तिने पाय खाली दाबला. चाक पुढे फिरलं. पुन्हा दाबला.

"बाबा, पुढे! बाबा, पुढे जातेय मी!"

मिनलने मोबाइल वर केला होता, पण बटण दाबायचं तिला भानच राहिलं नाही.

दिवेलागणीला निशीला उचलून आत न्यावं लागलं. लाल सायकल बाहेरच, जिन्याखाली राहिली, विठोबाच्या राखणीत. शेजारी भैरूंची काळी सायकल उभी होती, टायर बसलेले, घंटी मात्र घासूनपुसून लख्ख.

मारुतीच्या देवळाबाहेरून शालनबाईंनी उद्याच्या पूजेसाठी झेंडूची माळ आणली होती. उद्यापर्यंत त्यांना धीर निघाला नाही. दोरा दातांनी तोडून त्यांनी माळ मधोमध अर्धी केली. एक तुकडा लाल हँडलला घातला, एक काळ्या.

"दोघीबी शनवारच्या," त्या पुटपुटल्या.

मग त्यांनी काळ्या सायकलीच्या कॅरिअरवरची धूळ पदराने पुसली. नीट, कडेपर्यंत, आता बसायचंच असल्यासारखी.