सोऱ्याची सरळ चकली

मित्रांनो, चंदीगडच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये, ओट्याखालच्या कपाटात माझा मुक्काम असतो. मी आहे एक जुना पितळी सोऱ्या. माझ्या पोटात पीठ भरा, दांडा फिरवा आणि खालून चकली घ्या. काम एवढंच, पण मला त्याचा भारी अभिमान!

कराडच्या एका कासाराने मला घडवलं. माझ्या मालकिणीच्या, चारुशीलाच्या सासूबाईंनी लग्नात मला तिच्या हाती दिलं. तिच्या नवऱ्याच्या, नंदकुमारच्या नोकरीत बदल्या फार. नागपूर झालं, भोपाळ झालं, आता चंदीगड. दर वेळी जुन्या टॉवेलात गुंडाळून मी ट्रकमध्ये चढलो. प्रत्येक गावी शेजारणी चकली खात आणि मला हातात घेऊन निरखत. तेव्हा मी अगदी फुशारून जाई.

यंदा मात्र महिनोन्‌महिने कुणी माझ्याकडे फिरकलं नाही. चारुशीलाला सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासात जीवशास्त्र शिकवायची नवी नोकरी लागली होती. त्यातच मराठी मंडळाच्या सुनेत्राताईंनी दिवाळीसाठी मुलांचं नाटक लिहायची गळ घातली. लिहायची हौस मोठी, बाईसाहेबांनी लगेच हो म्हटलं. वर फराळाच्या चकल्याही कबूल केल्या! नाटक एका राजाचं होतं आणि हा राजा काही केल्या शेवटाकडे सरकत नव्हता. तालीम तर उद्यावर आली होती.

शनिवारी दुपारी तिने मला बाहेर काढलं. मला कोण आनंद झाला! पण तिच्या डोक्यात राजा. चकलीच्या चांदणीऐवजी तिने माझ्यात शेवेची जाळी बसवली. मला बोलता आलं असतं तर मी ओरडलोच असतो. तिने दांडा फिरवला आणि ताटात लांबच लांब दोऱ्या पडल्या.

“मम्मी, ये तो नूडल्स निकल रहे हैं!” दहा वर्षांची देवयानी टाळ्या पिटत म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती हिंदीतच देते.

चारुशीला मटकन खाली बसली. “अहो, सुनेत्राताईंना फोन लावा. म्हणावं, नाटक नाही जमत. माझ्याच्यानं आता काही होत नाही.”

नंदकुमारने फोन उचलला, तशी देवयानीने त्याचा हात धरला. “पापा, रुको! मम्मी, राजा को छोड़ो ना यार. यही लिखो. एक मम्मी है, और उसकी चकली सीधी निकलती है.”

चारुशीला खुदकन हसली. “अहो, माझे हात पिठाचे आहेत. मी सांगते, तुम्ही टिपून घ्या.”

मग काय विचारता! जाळी बदलली. दांडा देवयानीकडे गेला. नंदकुमार एका हाताने झारा हलवत होता आणि दुसऱ्या हाताने फोनवर संवाद लिहीत होता. एक घाणा करपला, पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. चकल्या संपल्या तेव्हा नाटकही पुरं झालं होतं.

दिवाळीच्या कार्यक्रमात मी चिंचेने घासून लख्ख होऊन थेट रंगमंचावर बसलो. ऋचा नावाची मुलगी आई झाली होती, देवयानी लेक. शेवटचं वाक्य लेकीचं होतं. चारुशीलाने ते मुद्दाम हिंदीत ठेवलं होतं, पोरीला सोपं जावं म्हणून. देवयानीने माझा दांडा धरला, पडद्याआडच्या आपल्या आईकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, “आई, सरळ चकलीपण छान लागते. तू बस जरा, आता मी फिरवते.”

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पडद्याआड चारुशीला हसत होती आणि पदराने डोळेही टिपत होती. मला तर आनंदाने काही सुचेना.

तर मित्रांनो, काम झालं की आम्हा सोऱ्यांना धुऊन कोरडं पुसा, जाळ्या हरवू नका. आणि दांडा एकट्या आईला फिरवायला लावू नका. मी पितळेचा आहे, जितके जास्त हात लागतील तितका उजळतो.