शहबाच्या अंगातलं जुनं कुत्रं

नळीचं झाकण निळं होतं, आणि ते फिरवताना होणारी बारीक करकर बेटावरच्या पशुवैद्य मुंजीच्या बोटांना वसंत ऋतूपासून सवयीची झाली होती – उघडायचं, आतल्या नितळ द्रवाकडे बघायचं, पुन्हा लावायचं. ज्या पत्रासोबत ही बोटभर नळी आली, त्याचं उत्तर त्याने दिलंच नव्हतं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या एका बाईने लिहिलं होतं, की बेटावरच्या एखाद्या कुत्रीला एक विशिष्ट गाठ झाली असेल तर त्या गाठीचा छोटा तुकडा पाठवावा. जगभरातल्या कुत्र्यांमधली ही गाठ मुळात एकाच कुत्र्याची आहे. ते हजारो वर्षांपूर्वी मेलं, पण त्याच्या पेशी मेल्या नाहीत. समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून, या अंगातून त्या अंगात, बंदरामागून बंदर… तुमच्या बेटावर ती कुठल्या किनाऱ्यावरून आली, हे पेशींच्या आतल्या खुणांवरून कदाचित सांगता येईल.

उत्तर द्यायला हरकत काय होती? जनावरं तपासण्यातच त्याचा जन्म गेला होता. पण त्या उत्तरात त्याला एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो कागदावर उतरवायची लाज वाटत होती – ही गाठ माणसाला लागते का?

लागत नाही. हे त्याला माहीत होतं, पुस्तकातल्या पानाच्या कुठल्या कोपऱ्यात छापलंय इथपर्यंत माहीत होतं. तरी बायको सालहा आजारी पडल्यापासून, तिच्या मानेतल्या गाठी स्वतःच्याच बोटांनी तपासल्यापासून, ते ‘नाही’ रोज थोडं थोडं झिजत होतं. त्यांच्या कुत्रीला, शहबाला, तीच गाठ झाली होती; सालहा तिला हाताने भाकर भरवायची, शहबा तिची बोटं चाटायची… नाही, नाहीच. पण जी पेशी आपलं अंग सोडून जगायला शिकली, तिला आणखी काय काय येत असेल, हे ठामपणे सांगणारा मी कोण? मी तर साधी पाटी वाचतानाही दोनदा वाचणारा माणूस.

सकाळीच शेजारचा खमाइस दारात येऊन गेला होता. हातात जाळं, अंगाला मासळीचा वास.

“सी मुंजी,” तो आदराने म्हणाला, “रागावू नका. त्या कुत्रीच्या मागून रक्त ठिबकतंय, पोरंबाळं बघतात. उद्या कुत्री मारणाऱ्या बंदूकवाल्यांना बोलावलंय.”

“मी औषध सुरू करतोय तिला.”

“औषध!” मग आवाज खाली आणून, “सालहामावशीला तो वाईट आजार कुठून आला ते अख्ख्या गल्लीला दिसतंय. एवढे शिकलेले तुम्ही, तुम्हालाच तेवढं दिसू नये?”

कुत्रीपासून आला नाही असं म्हणायचं, तर मुंजीला आधी तो आहे असं म्हणावं लागत होतं. बेटावर त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही, आणि सालहाने तर सगळ्यांना घशाची सूज म्हणून सांगितलेलं…

आता सालहा अंगणात बुटक्या स्टुलावर बसून शहबाचं डोकं मांडीवर दाबून धरत होती. मुंजीने गाठीचा तुकडा काढून नळीत टाकला, निळं झाकण घट्ट केलं आणि सुई भरली. सदाफुलीतून काढलेलं औषध; समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरातल्या दवाखान्यात सालहाच्या शिरेत थेंबथेंब जातं, तेच.

“मग हिच्यात बसलंय ते कोण म्हणायचं?” तिने विचारलं.

“एक जुनं कुत्रं. हजारो वर्षांपूर्वीचं.”

“बिचारं. अजून कुठे टेकायला जागा मिळाली नाही त्याला?”

“त्याच्या पेशींमधल्या ऊर्जेच्या भट्ट्या जुन्या झाल्या, की ज्याच्यात राहतं त्याच्याच कधीकधी उचलतं.”

“म्हणजे फुकट राहायचं, आणि वर चूलही उचलायची! अगदी तुझा भाऊ.”

तो हसला. ती हसली नाही. शहबाच्या कानामागे खाजवत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “आणि माझ्यातलं?”

सुई हवेतच थांबली.

“तुझ्यातलं तुझंच. तुझ्यातच सुरू झालं. कुणाकडून आलं नाही, कुणाकडे जायचं नाही.”

“नक्की?”

“नक्की,” तो म्हणाला, आणि त्या शब्दातली भेग दोघांनाही ऐकू आली.

“मग हे त्या खमाइसला सांग की. मला काय सांगतोस दार लावून? घशाची सूज, घशाची सूज करून माझा घसाच बसलाय आता.” तिने शहबाची मान आणखी घट्ट धरली. “टोच लवकर. घाबरलीय ती.”

त्याच दुपारी पोस्टात रांग होती. खमाइस त्याच्या मागेच येऊन उभा राहिला, सलाम केला, आणि मग दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मुंजीच्या हातातल्या पाकिटात नळी होती, उत्तर होतं, आणि उत्तराच्या शेवटी अगदी बारीक अक्षरात तो प्रश्नही होता. निघताना लिहिला होता, आणि वाटेभर तेवढी ओळ फाडून टाकावी असं मनात येत होतं.

“आत काय आहे, सी मुंजी?” खिडकीतल्या नजियाने विचारलं. “वर लिहावं लागतं.”

औषधाचा नमुना, असं त्याने ठरवून ठेवलं होतं.

“कॅन्सर,” तो म्हणाला. फारच मोठ्याने. रांगेतल्या माना वळल्या. “शहबाचा. आमच्या कुत्रीचा. कुत्र्याकडून कुत्र्याला होतो हा. माणसाला नाही. सालहाला आहे तो वेगळा, तिचा तिचा… पण तोही कॅन्सरच आहे.”

कुणीतरी पुटपुटत अल्लाहचं नाव घेतलं. खमाइसने खाली पाहिलं. “अल्लाह मावशीला बरं करो,” एवढंच म्हणाला. बंदूकवाल्यांचं काही बोलला नाही.

नजियाने तो शब्द पाकिटावर लिहिला. मग तिने विचारलं, “पाकीट चिकटवू? की काही काढायचं-घालायचंय?”

ती ओळ… त्याने बोट पाकिटाच्या तोंडाशी नेलं. आतला कागद लागला. नुकतंच ‘नाही’ म्हणून बसलो आहे सगळ्यांसमोर, आणि आत विचारतो आहे – लागतो का? असू दे. दोन्ही माझंच आहे.

“चिकटव,” तो म्हणाला.

पाकीट पोत्यात पडलं. खिशातली त्याची बोटं अजून झाकण फिरवल्यासारखी हलत होती, आणि फिरवायला आता काही नव्हतं. उत्तर काय येईल याची धास्ती कुठे गेली, त्याला कळेना. तिच्या जागी उद्याची सकाळ येऊन बसली होती – दार, दाराबाहेरची पायरी, पायरीवर शहबा, आणि तिच्याशेजारी, बंदूकवाले आले तर त्याने बसायची, एका माणसापुरती उरलेली जागा.