शेवटचं कोण?

मी चाकांची पिशवी बोलतेय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे थांबावं लागणार नाही. लोखंडी सांगाडा, दोन रबरी चाकं, हिरव्या-काळ्या चौकड्यांचं जाड कापड आणि धरायला वाकडी मूठ. स्पेनमधल्या झारागोझातल्या कुठल्याही म्हातारीच्या मागे माझी एखादी बहीण खडखडत जाताना दिसेल. पण त्या नुसत्या पिशव्या. मी माणसाच्या जागी उभी राहिलेली आहे.

शहराबाहेरच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. चाकं बसवून मला उभं केलं, तर मी आपली आपण चालू लागले. फरशीला उतार होता म्हणे. कामगार म्हणाला, "ही काही एका जागी टिकायची नाही." खरं बोलला. त्यात आमचा हा वारा, सिएर्सो. तो सुटला की भिंतीला टेकवलेली मी रस्त्याच्या मधोमध सापडते.

फेलिसानं मला घेतलं ते तिचा नवरा गेला त्या वर्षी. बुटांच्या कारखान्यात तिची चाळीस वर्षं गेली. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि तोंड असं की जिन्यात लोक भिंतीला चिकटून तिला वाट देतात.

आमच्या मंडईत रांग असते, पण दिसत नाही. लोक वाटेल तिथे उभे असतात, कुणी गप्पा मारतं, कुणी टोमॅटो चाचपतं. नव्यानं येणाऱ्यानं मोठ्यानं विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं, की त्याच्यामागे तुम्ही. मधे घुसणाऱ्याला क्षमा नाही. एकदा एका बाईनं फक्त लिंबू घ्यायचंय म्हणून पुढे हात घातला, तर फेलिसानं तिच्या आजीपर्यंत पोचून हिशोब चुकता केला.

गुडघे दुखायला लागल्यावर फेलिसा नंबर धरायची, मला तिथे सोडायची आणि कोपऱ्यावर कॉफी प्यायला बसायची. कुणी विचारलं की लोक माझ्याकडे बोट दाखवत. "फेलिसा आहे शेवटची." तेवढा वेळ मी फेलिसा. छाती फुगवून उभी राहायचे, आणि आतून चाकं शिवशिवत असायची.

मग लिगाया आली. फिलिपिन्समधल्या इलोइलोची, एकतीस वर्षांची. तिथल्या शाळेतली कायमची नोकरी सोडून इथल्या एका शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायला आलेली. फेलिसानं तिला मागची खोली भाड्यानं दिली. बॅग तिनं कधी पूर्ण रिकामी केली नाही. लागेल तो कपडा काढायची, धुवायची, परत त्यातच ठेवायची. फोनवर भावाशी बोलताना खोलीत येरझारा घालायची. भाऊ म्हणायचा, "वर्षात परत येशील, लिहून देतो." त्या दिवशी येरझारा जास्त.

मंडईत पहिल्यांदा गेली तेव्हा कोंबडीच्या गाळ्यासमोर पाऊण तास शहाण्यासारखी उभी राहिली. अकरा जण पुढे गेले. रिकाम्या हातानं घरी आली.

"तोंड नाही का तुला?" फेलिसा म्हणाली.

"विचारलं की सगळे माझ्याकडे बघतात."

"बघू दे की. फुकट असतं ते."

जूनमध्ये शाळेतलं काम संपलं. सप्टेंबरपर्यंत दुसरं मिळालं नाही तर परत जाणं आलं. माझ्यात पुस्तकं भरून ती सहा शिकवण्यांची दारं हिंडली. सगळीकडे तिचं इंग्रजी ऐकून लोक मान डोलवत आणि चेहरा बघून घड्याळ बघत. सातव्या ठिकाणी मारिबेल नावाची बाई होती. ती निदान स्पष्ट बोलली.

"तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण पालकांना अस्सल लागतं. एक करू. तू लिली. कॅलिफोर्नियाची. रंगाचं विचारलं तर तिकडचं ऊन."

लिगायानं माझी मूठ इतकी आवळली की रबर उमटलं तळव्यावर. मग हो म्हणाली. मी कोण तिला बोलणारी? मी स्वतः फेलिसा म्हणून उभी राहत होते.

पण त्यानंतर तिला कुठे म्हणून बसवेना. मुलं विचारायची, तिकडचा समुद्र कसा आहे? ती इलोइलोचा समुद्र सांगायची आणि नाव दुसरं घ्यायची. फेलिसाला यातलं काही माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात एका शनिवारी मी कोंबडीच्या रांगेत एकटी होते. पुढे नियेवेस नावाची एक आई कोंबडीवाल्या आन्सेल्मोला सांगत होती, "आमच्या पोरीची टीचर थेट कॅलिफोर्नियाची. लिली. सावळी आहे, पण तिकडे ऊनच तसं. आता आलीये ना, ती बघ, बोर्राहाच्या भाजीच्या जुड्या घेतेय."

नेमकी फेलिसा कॉफी संपवून आली. तिनं वळून पाहिलं.

"ती? ती माझ्या घरात राहते. लिगाया नाव तिचं, इलोइलोची आहे. दोन्ही वेळा भात शिजवते. कॅलिफोर्निया नकाशात बघितलं असेल तर असेल."

लिगाया भाजी घेऊन मागे उभी होती. सगळे तिच्याकडे बघत होते. त्या दिवशी ते फुकट नव्हतं. संध्याकाळी मारिबेलचा फोन आला, सोमवारपासून येऊ नकोस.

"मला खोटं खपत नाही," फेलिसा म्हणाली.

"तुम्हाला खरं परवडतं, बाई. हे घर तुमचं आहे. गाव तुमचं आहे."

लिगायानं बॅग पलंगाखालून ओढली. तिच्यात भरायला काही नव्हतं, सगळं आतच होतं. पुढच्या रविवारचं तिकीट शोधत बसली. सहा दिवस मला कुणी हात लावला नाही. दाराशी उभी राहून माझी नुसती तडफड.

शुक्रवारी फेलिसानं मला उचललं आणि एकटीच जिना उतरायला लागली. दुसऱ्या मजल्यावर तिचा गुडघा लचकला, मी हातातून सुटले आणि धडधडत खालच्या दारावर आपटले. डावं चाक वाकलं, ते आजही वाकडंच आहे. आवाजानं लिगाया धावत आली. फेलिसा पायरीवर बसली होती. लिगायानं एका हातानं तिला उठवलं, दुसऱ्यानं मला धरलं, आणि आम्ही तिघी मंडईत गेलो.

कोंबडीच्या गाळ्यापाशी नियेवेसही होती. फेलिसानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पोरी," ती लिगायाला म्हणाली, हळू बोलणं तिला येतच नाही, "मी खरं सांगितलं त्यात माझं चुकलं नाही. पण ते सांगायची पाळी तुझी होती. मी तुझ्या पुढे घुसले."

फेलिसानं, रांगेत घुसल्याची कबुली. आन्सेल्मोचा सुरा हवेतच राहिला.

लिगायानं मला सोडलं, दोन पावलं पुढे गेली आणि मोठ्यानं विचारलं, "शेवटचं कोण?"

मग नियेवेसनं हात वर केला. रांगेला उत्तर द्यावंच लागतं.

"मग तुमच्यामागे मी. माझं नाव लिगाया. मी इलोइलोची. तुमच्या मुलीशी मी खोटं बोलले, त्याची माफी तिच्याकडे मागेन. तिला शिकायचं असेल तर मंगळवारी पाच वाजता, फेलिसाबाईंच्या टेबलावर."

"आणि कॅलिफोर्निया?" नियेवेसनं विचारलं.

"कधी गेले नाही."

"मीही नाही," आन्सेल्मो म्हणाला आणि नियेवेसकडे वळला. "कोंबडी अख्खी की तुकडे?"

मंगळवारी पाच वाजता नियेवेस आली नाही. सव्वापाचला बेल वाजली. दारात आन्सेल्मो, हात तीनदा धुतलेले, काखेत कोरी वही. "माझ्या वयाला जमेल का?" त्यानं विचारलं. आतून फेलिसा ओरडली, "आधी पाय पूस." रविवारचं तिकीट लिगायानं काढलं नव्हतं. शुक्रवारी रात्रीच तिकिटांचं पान बंद करून फोन उलटा ठेवला होता.

आता टेबलाभोवती पाच जण बसतात. पाच जणांवर घर चालत नाही, हे ती जाणते, मीही जाणते. बॅग अजून पलंगाखाली आहे, पण निम्मे कपडे कपाटात गेलेत. नियेवेस अजून बोलत नाही. रांगेत मात्र हात वर करते.

मी दाराशी असते, वाकड्या चाकावर, एका अंगाला झुकून. सिएर्सो जिन्यातून वर आला की आजही हलते. कुठेही न्या मला, ओझं भरा, दगडांवरून ओढा, कुरकुर करणार नाही. एवढंच करा, मला तुमच्या जागी उभं करून निघून जाऊ नका. मी खूप दिवस फेलिसा होते. ते काम माझं नव्हे. तुम्ही या, लोक बघतील ते बघू दे, आणि मोठ्यानं विचारा.