तीनशे बिटांचा मोडेम

मी एक जुना मोडेम आहे, मित्रांनो. राखाडी पत्र्याचा, मिठाईच्या मोठ्या डब्याएवढा. नागपूरच्या महाल भागातल्या एका भंगाराच्या दुकानात पडून आहे. येणारा-जाणारा मला उचलतो, वजनाचा अंदाज घेतो आणि ‘हे काय असते गा?’ म्हणत परत ठेवतो. तर ऐका, मी काय असतो ते.

टेलिफोनच्या तारेवरून अक्षरं जात नाहीत, आवाज जातो. म्हणून एका टोकाला अक्षरांची शिट्टी करायची आणि दुसऱ्या टोकाला त्या शिट्टीची पुन्हा अक्षरं करायची, हे आम्हा मोडेमांचं काम. माझा वेग सेकंदाला तीनशे बिट. बिट म्हणजे एक ‘हो’ किंवा एक ‘नाही’. एका अक्षराला असे दहा बिट लागत, म्हणजे सेकंदाला तीस अक्षरं. हसू येतंय ना? हसा बापडे. माझ्याकडे निरोप यायचा तोच मुळी एका ओळीचा.

मी शहरातल्या एका कचेरीत होतो, तिथे नदीच्या पुरावर लक्ष ठेवत. नदीच्या वरच्या अंगाला शालिकराम नावाचा माणूस काठावरच्या खांबावर पाणी किती चढलं ते बघायचा आणि यंत्रावर टाइप करायचा. त्याच्याजवळ माझाच एक भाऊबंद होता. तो शिट्टी घालायचा, मी ती ऐकायचो आणि शेजारच्या छापणाऱ्या यंत्राला ओळ द्यायचो. ती ओळ प्रेमिलाबाई वाचायच्या. पाणी धोक्याचं असलं की त्या लगेच खालच्या गावच्या पंचायतीला फोन करत आणि पंचायतीचा माणूस घाटावर लाल कापड लावी. ते दिसलं की नावाडी नाव पाण्यात घालत नसत.

त्या नावाड्यांत देवाजी होता, प्रेमिलाबाईंचा धाकटा भाऊ. म्हणून बाई मला फार जपायच्या. रोज सकाळी स्वतःच्या पदराने माझी धूळ पुसायच्या. एकदा देवाजी कचेरीत आला, मला निरखून बघितलं आणि म्हणाला, ‘बाई, तुह्या या डब्याच्या भरोशावर मी नाव चालवतो.’ बाई हसल्या. मला मात्र उगीच छाती फुगल्यासारखं झालं.

मग अठ्ठ्याऐंशी साली शहरात उजेडाची तार आली. केसाएवढ्या बारीक काचेच्या धाग्यातून उजेड पळतो आणि निरोप नेतो. मधुकरराव आमचे इंजिनियर, हुशार माणूस. त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर खडूने गणित मांडलं. नवी तार चौतीस मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला तीन कोटी चाळीस लाख बिट. भागिले तीनशे. उत्तर आलं एक लाख तेरा हजार! या एका तारेत माझ्यासारखे एक लाख तेरा हजार मोडेम बसतील. भागाकार बरोबर होता, खोटं कशाला बोलू? पण ते चौतीस मेगाबिट साऱ्या शहराच्या बोलण्याला मिळून होते. आणि ती तार यायची टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत. तिथून नदीपर्यंत जुनी तांब्याचीच तार होती, तिला मीच लागत होतो. त्या आकड्यापुढे साहेबलोकांत हे कोणालाच सुचलं नाही. मधुकररावांनासुद्धा नाही.

भाद्रपदात एका दुपारी कचेरीत नव्या तारेचा समारंभ ठेवला. मोठे साहेब आले, चिवडा आला, भाषणं झाली. आमच्या कचेरीची एक रीत होती. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या गळ्यात हार पडला की त्याने पुन्हा कामाला हात लावायचा नाही. कोणीतरी थट्टेने म्हणालं, आपला डबाही आज निवृत्तच की! झालं. माझ्यावर झेंडूचा हार चढला, कुंकू लागलं, माझी वायर काढली आणि मला कपाटावर चढवलं. प्रेमिलाबाई म्हणाल्या की नदीकडचं जोडून होईस्तोवर तरी राहू द्या. मधुकरराव म्हणाले, संध्याकाळपर्यंत जोडतो. हार पडल्यावर काम करवून घेणं बरं दिसत नाही, असंही एक जण बोलला, आणि बाई गप्प बसल्या.

भाषणं चालू असताना माझ्या तारेवरचा फोन वाजला. भैय्याजी कारकुनाने उचलला. कानात शिट्टी! त्याला वाटलं, तार बिघडली. त्याने ठेवला. फोन पुन्हा वाजला तेव्हा साहेबांच्या बोलण्यात व्यत्यय नको म्हणून त्याने रिसीव्हरच काढून बाजूला ठेवला. ती शिट्टी माझ्या भावाची होती, मित्रांनो. मी कपाटावरून ऐकत होतो. वीज नाही, तार नाही, करतो काय? आतून नुसता जळत राहिलो.

वरचा पाऊस खाली कोणाला दिसला नव्हता. घाटावर लाल कापड नव्हतं. देवाजीने नाव घातली आणि मध्यावर असताना पाणी आलं. नावेतली माणसं त्याने एकेक करून बाभळीच्या झाडाला धरवली. तो स्वतः तिसऱ्या दिवशी सापडला.

तेरवी झाल्यावर बाई कामावर आल्या. कोणी वर बघेना. मधुकरराव फळ्याजवळ गेले, जुना आकडा पुसला आणि दुसरं गणित केलं, जे आधी करायला हवं होतं. नदीची ती एक ओळ नव्या तारेवरून किती वेळात आली असती? डोळ्याची पापणी लवायच्या आत. माझ्यावरून? त्यांचा हात थांबला. मग ते बाईंकडे न बघता म्हणाले, ‘एक सेकंद. प्रेमिलाबाई, सगळं होऊन एक सेकंद वाचला असता.’

बाईंनी फळ्यावरचं गणित वाचलं.

‘साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘पाणी घाटावर याले दोन तास लागते. माह्या भावाले तुमचा सेकंद काहून पायजे होता?’

मधुकररावांनी खडू खाली ठेवला. ते तिथेच खुर्चीत बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मोठ्या माणसाला तसं रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

मित्रांनो, नवं जरूर आणा. उजेडाची तार फार चांगली आहे, मला तिचा राग नाही. पण जुन्याला हात लावण्याआधी विचारा, याच्या पलीकडच्या टोकाला कोण आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत त्याची वायर काढू नका. माझ्या पलीकडच्या टोकाला देवाजी होता.